मोहाच्या दिवसांत भद्रावती

आधी शमीमबाईचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. आमच्या गावाजवळच्या पोंभुर्ण्याला बाजाराच्या ओळीत तिचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकाच खोलीचा पुढचा अर्धा भाग. मागच्या अर्ध्यात गॅस, पलंग आणि तिच्या नवऱ्याचा खोकला. घरापासून इतक्या दूर, तमिळनाडूत तिरुपूरला, कपड्यांच्या कंपनीच्या होस्टेलात पलंगावर मांडी घालून मी आज हे लिहिते आहे, ते तिच्यामुळे. शमीमबाईनं जन्मात एकदाच मोह वेचले. माझ्यासाठी वेचले. आणि चुकीच्या झाडाखाली वेचले.

होस्टेलातून कंपनीच्या गेटाकडं जाताना एक लहानसं देऊळ लागतं. त्याच्यामागं मोहाचं झाड आहे. पहिल्या वर्षी मी त्याला ओळखलंसुद्धा नाही. इथल्या झाडाचं पान लांबट, आणि इथं कुठला आलाय मोह, असं मनानं धरलेलं. मग एका सकाळी वास आला. तो वास सांगून कळत नाही. गोड म्हणावा तर त्यात आंबूस काहीतरी असतं, आंबूस म्हणावा तर जीभ ऐकत नाही. इथले लोक त्याला इलुप्पै म्हणतात. फुलं पडतात, आणि देवळात झाडणारी बाई ती खराट्यानं गोळा करून कचऱ्यात टाकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडणारच होते; आमच्याकडं हीच फुलं वाळवून विकतात, त्यावर घर चालतं. सोबत ओडिशाची एक पोरगी होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. तिनं वाकून एक फूल उचललं, आतले तुरे नखानं काढले, फूल तोंडात टाकलं आणि माझ्याकडं पाहिलं. मीही टाकलं. त्या दिवशी आम्ही दोघी लाइनवर उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

याच दिवसांत मोबाईलवर गावाकडचे निरोप येऊ लागतात. दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना शुभेच्छा. घाबरू नका, शांत मनाने पेपर लिहा. शांत मन जणू किराणा दुकानात सुटं मिळतं! आमच्याकडं मोहाचा मोसम आणि परीक्षेचा मोसम हातात हात घालून येतात. पहाटे झाडाखाली वाकायचं, अकराला पेपरावर वाकायचं. ज्यानं हे वेळापत्रक ठरवलं त्याच्या घरी मोहाचं झाड नसणार.

म्हणून माझी शाळा मोहापायी सुटली, असं गावात सगळे म्हणतात. गरिबीचं कारण लोकांना लवकर पटतं. पण तसं नव्हतं. नववीच्या वार्षिक परीक्षेत, पेपरावर नाव लिहायच्या जागेपाशी माझा हात थांबला तो हललाच नाही. तळवे भिजले, कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. उत्तरं येत होती. नाव तर येतच होतं! मी उठले, घरी आले, परत गेले नाही. भीती हे कारण कोणी धरत नाही. डोकं दुखतं म्हणा, कंबर दुखते म्हणा, धरतील. भीती वाटते म्हटलं की विचारतात, कायची भीती? त्याचं उत्तर देता आलं असतं तर भीती कशाला वाटली असती?

मी नापास झाले नाही, एवढं मात्र इथं स्वच्छ लिहून ठेवते. कंपनीत नवीन साहेब आला की विचारतो, किती शिकली? मी सांगते, नववी. पूर्वी हे सांगताना मान खाली जायची. आता जात नाही. कधीपासून जात नाही, तेही मला नीट माहीत आहे. भद्रावतीहून आले तेव्हापासून.

शाळा सुटल्यावर मी घरात बसले, ती बसलेच. दारापुढून मास्तर गेले तरी आत सरकायची. माझे गणवेश शमीमबाईच्याच मशीनवर शिवलेले. तिनं एकदा मायला बाजारात धरलं आणि म्हणाली, "पोट्टीले माह्या इथी पाठवजो वं." मी गेले. कात्री हातात दिली तर हात असा थरथरला की कापड हसलं असतं. मी हात ओढणीत लपवले. शमीमबाईनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

"हात थरथरते? थरथरू दे. मशीनले पाय लागते."

माझ्या भीतीवर आजवर खूप जणांनी खूप काही सांगितलं. अंगारे झाले, गोळ्या झाल्या. पण इतकं उपयोगाचं कोणी बोललं नाही.

तीनेक वर्षं मी तिच्याकडं पाय मारले. पोंभुर्ण्याच्या आसपासच्या गावांतल्या पोरींचे शाळेचे निळे कुर्ते त्या मशीनखालून गेले. ते कुर्ते लक्षात ठेवा, पुढं त्यांच्यापायी भांडण होणार आहे.

मग आमच्या भागातल्या दोन पोरी तिरुपूरला कामाला आहेत आणि तिसरीला जागा आहे, असं कळलं. मला अठरा पूर्ण झाली होती. मोहाच्याच दिवसांत निघायचं होतं. मी मायला सांगितलं. माय तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"आठवीत शाळेची सहल भद्रावतीले गेल्ती," ती म्हणाली. "सारी शाळा संग होती, तरी तू गाडीत चढली नाईस. पायरीवरून परत आलीस. आन आता म्हणते तिरुपूर."

"तवा लहान होती मी."

"मंग आता जाऊन दाखव. तिथीच. एकटी. सांजच्या गाडीनं परत ये. आलीस तर जा तिरुपूरले, मी आडवी येत नाई. नाई तं मामानं आणलेलं स्थळ पाहू." एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "आन मोह बुडाले नाई पायजे."

मेख तिथं होती. मायची कंबर गेलेली, वेचणारी मी एकटी. मोह रात्रभर गळतो, उन्हं चढायच्या आत वेचावा लागतो; राहिला तो गाईगुरांचा. आमच्याकडं या कामाला कोणी मजूर लावत नाही. कोणाच्या घरी बाळंतपण असलं, मयत असली, की दुसरी तिच्या झाडाखाली एक दिवस वेचते, आणि मोसम संपायच्या आत पहिली तिच्या झाडाखाली एक दिवस वेचून देते. दिवसाला दिवस. यात कोणी खोटं करत नाही. पण मी तर मोसम संपायच्या आत गाव सोडणार होते. जाणाऱ्या पोरीला दिवस कोण देईल?

शमीमबाईनं हे ऐकलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्यांमधूनच म्हणाली, "मी वेचते."

"तुमाले येते का मोह वेचता?"

"जमिनीवरचं उचलाचं आहे ना? आसमानातलं तं नाई?"

"आन वाघ?"

"त्याचं माप घ्याचं आहे का मले? तो त्याच्या कामानं, मी माह्या."

"पण तुमाले तं झाडच नाई शमीमबाई. तुमचा दिवस मी कुठी फेडू?"

"राहू दे तुह्याजवळ. मोठी बाई होजो, मंग देजो."

आदल्या संध्याकाळी ती आमच्या घरी मुक्कामाला आली. मी तिला खूण सांगितली. ज्याचं झाड त्यानं बुंध्याला चिंधी बांधायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या झाडाला मायनं माझाच नववीतला कुर्ता फाडून पट्टी बांधली होती. "नाल्यापाशी जाजा. निळ्या गणवेशाची पट्टी दिसन." शमीमबाई रागावलीच. "मी शिवलेला कुर्ता मले नाई ओळखू येणार? दुकान बंद करू का मंग?"

आता ती पहाट. मी डब्यात फोडणीचा भात घेतला. शमीमबाईनं, जीव घाबरला तर हुंगायला, हातात लिंबू दिलं आणि टोपली घेऊन बायांच्या मागं गेली, मोबाईलवर कव्वाली लावून, वाघाला आधीच कळावं म्हणून. मी गाडीत चढले. पायरीवर पाय ठेवताना आठवीतली पायरी आठवली, आणि तोवर दुसरा पाय वर आला होता. बायांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून तर ही चैन परवडली. कंडक्टरनं विचारलं, कुठी? माझ्या तोंडून हवा निघाली.

"बाई, तोंडातल्या तोंडात नको बोलू. या मशीनले ऐकू येत नाई."

मागची माणसं हसली. लिंबाच्या सालीत नख रुतलं होतं. मी म्हटलं, चंद्रपूर. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, तर तो म्हणाला, "आता डायवरनंबी ऐकलं."

चंद्रपूरच्या स्टँडवर गाडी बदलायची. तिथं मला वाटलं, संपलं. इतकी माणसं, इतका भोंगा, आणि प्रत्येकाला आपण कुठं जातो ते माहीत. वरोऱ्याची गाडी समोर लागलेली, तीच भद्रावतीला थांबते. आणि शेजारी, अगदी शेजारी, पोंभुर्ण्याची गाडी. दार उघडं, आत अर्ध्या सीटा रिकाम्या. कोणी मला धरलं नव्हतं. पोंभुर्ण्याच्या गाडीत बसले असते तर दुपारपर्यंत घरी, आणि कोणी फार बोललंही नसतं. हिचं असंच, म्हणाले असते. मला त्या "हिचं असंच"चा राग आला. आजही येतो. माणूस घाबरतं याचा अर्थ ते तेवढंच असतं असं नाही. भीती तशीच होती. पण गाडीलाही पायच लागतात. मी वरोऱ्याच्या गाडीत चढले.

वाटेत वीजघराच्या चिमण्या, कोळशाचे ट्रक, काळी धूळ बसलेली झाडं, आणि तरीही त्यांच्यामधून पेटलेला पळस. भद्रावतीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर चढत होतं. तिथल्या फॅक्टरीच्या कॉलनीतल्या बाया भाजीच्या पिशव्या घेऊन उतरल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या. ऑटोवाला म्हणाला, विजासनच्या लेण्याले एकटीले महाग पडन. मी चालत निघाले. रस्ता विचारत गेले, चार माणसांना विचारलं. मोजलं कारण आयुष्यात तोवर मी अनोळखी माणसाला एकही प्रश्न विचारला नव्हता.

टेकडी फार मोठी नाही. मी उगाच डोंगराची तयारी केली होती. पण तिच्या पोटात शिरणारं लेणं आहे ते सरळ, लांब, अरुंद, बोगद्यासारखं. आठवीत सहलीहून आलेल्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, "आत नुसता अंधार आहे, आन शेवटी तो बसला आहे." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली होती. तोंडाशी एक नागपूरकडचं कुटुंब मेणबत्त्या लावून परतत होतं. ते बाजूला झाले, आणि मी आत गेले.

थोड्या पावलांवर उजेड संपला. मायच्या साध्या मोबाईलची बॅटरी पायापुरती. दगड गार, ओलसर, हाताला खडबडीत. मध्ये कुठंतरी माझा हात थांबला. तसाच, पेपरावर थांबला होता तसा. पुढं अंधार, मागं उजेडाचा लहानसा तुकडा, आणि कानात तोच भुंगा. मला कळेना काय करावं. मग मी जे पेपरावर लिहायचं राहिलं होतं ते बोलले. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं मोठ्यानं. वरची वटवाघळं फडफडली. आवाज भिंतींवर आपटत पुढं गेला, आणि तोंडाकडून एक माणूस ओरडला,

"कोण आहे वो आत?"

"मी आहे!"

"अवं, हळू बोल ना बाई! आमचं लेकरू भेलं इकडं!"

मी हसले. त्या अंधारात, एकटी, खो खो. आणि हसता हसता पुढं चालत राहिले तर समोर तो होता. टेकडीच्या दगडातच कोरलेला, बसलेला, काळानं झिजलेला. कोणीतरी लावलेली मेणबत्ती संपत आली होती. मी हात जोडले. काय मागावं ते सुचेना. आमच्या घरी बुद्धाची पूजा नाही, मला काही म्हणता येत नव्हतं. मी तिथंच खाली बसले. त्यानं मला किती शिकली असं विचारलं नाही. घाबरू नको असंही म्हणाला नाही. तो बसला होता, मीही बसले. ज्यानं या टेकडीत पहिली छिन्नी मारली त्यालाही आतलं काही दिसत नसेल. हात पोचेल तेवढं फोडायचं, मग तेवढं पुढं सरकायचं. असंच करत करत कोणीतरी इथवर आलं, आणि आल्यावर त्यानं पळून न जाणारा माणूस कोरला. बाहेर येऊन मी सावलीत फोडणीचा भात खाल्ला. इतका चांगला भात मी परत खाल्लेला नाही.

सांजच्या गाडीनं गावात उतरले. मायला काय काय सांगायचं ते मनात घोळवत होते. आमच्या अंगणात माणसं जमलेली दिसली आणि पहिला विचार वाघाचा आला. मग शमीमबाईचा आवाज ऐकू आला, चढा, भांडणाचा. भांडणाचा आवाज इतका गोड असतो हे तेव्हा कळलं.

शेजारचे पत्रूभाऊ हात नाचवत होते. "दिवसाढवळ्या माह्यं झाड साफ केलं या बाईनं!"

"साफ म्हणजे? पाहा तं खरं!" शमीमबाईनं वाळत घातलेल्या मोहांकडं बोट केलं. "एक पान नाई त्यात, एक काडी नाई. तुमच्या घरी असे मोह कदी आले होते का?"

झालं होतं ते असं. पत्रूभाऊंचं झाडही नाल्यापाशीच, आमच्या आधी लागतं. त्यांनी यंदा त्यांच्या धाकटीचा जुना कुर्ता फाडून पट्टी बांधली होती. शाळा एक, कापड एक, आणि शिवणारी एक. शमीमबाईनं पट्टी पाहिली, आपले टाके ओळखले आणि खुशाल वेचायला बसली. पत्रूभाऊंना नेमका त्या दिवशी उशीर झाला, दहा वाजता पोचले तर झाडाखाली झाडून काढल्यासारखी जमीन. आणि आमच्या झाडाखाली गाईंनी यात्रा भरवली होती.

"दोन्ही मीच शिवले," शमीमबाई म्हणाली. "मले काय मालूम तुमी लोकं पोरींचे कपडे झाडाले घालता!"

लोक हसले, पण पत्रूभाऊ हसले नाहीत. त्यांनी मोह आपल्या टोपलीत भरून घेतले आणि माझ्याकडं वळले. "आली का भद्रावती पाहून? एक दिवस फिरली तं मोह गेले. तिकडं गेली तं घर जाईन. शाळा सोडली, आता गावबी सोडते म्हणते."

माय खाटेवर बसली होती. मोह बुडाले नाई पायजे, असं ती म्हणाली होती, आणि मोह बुडाले होते. गाडीत चढले होते, चार माणसांना रस्ता विचारला होता, शेवटपर्यंत गेले होते, आणि सगळं गाईंच्या पोटात गेलं होतं. सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं, आणि मला परत तो माणूस ऐकू आला, कोण आहे वो आत?

"पत्रूभाऊ," मी म्हटलं, "दिवसाला दिवस."

"म्हणजे?"

"शमीमबाईनं तुमच्या झाडाखाली दिवस घातला. तो तुमाले फेडा लागते."

"चुकून घातला तिनं!"

"चुकून घातला तरी दिवस दिवसच."

"अवं, पण तिले झाड कुठी आहे? कुठी फेडू, तिच्या मशीनवर?"

शमीमबाईनं ते हवेतच झेललं. "माहा दिवस या पोरीच्या झाडाले द्या."

आता सगळं अंगण हसलं. पत्रूभाऊंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रीत मोडणारा माणूस नव्हे तो, फक्त तोंडाचा कडू. माय खाटेवरून उठली, कमरेवर हात ठेवून, हळूहळू. रिकामी टोपली उचलली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

"पत्रूभाऊ, पहाटे लवकर येजा."

माझा निकाल तो. तिनं दुसरा कुठला शब्द वापरला नाही. माणसं पांगल्यावर चुलीपाशी म्हणाली, "गेल्ती खरंच?"

"हाव."

"आत?"

"शेवटपर्यंत."

"काय आहे मंग तिथी?"

"बुद्ध बसला आहे."

"काई म्हणते?"

"काई नाई विचारत."

मायनं भाताचं भांडं उतरवलं. "बरं आहे," म्हणाली.

दुसऱ्या पहाटे पत्रूभाऊ आमच्या झाडाखाली वेचत होते, आणि शेजारी मी. थोड्या वेळानं त्यांच्यानं राहवेना. "शाळा सोडली नसती तं वकील झाली असतीस वं तू."

"सोडूनच झाली," मी म्हटलं.

मला अजून भीती वाटते. हे कोणाला वाटू नये की लेण्यात गेले आणि बरी होऊन आले. इथं पहिल्या आठवड्यात तर मी जेवणाच्या रांगेतसुद्धा लिंबू हातात धरून उभी राहायची. आजही सुपरवायझरनं तमिळमध्ये जोरात हाक मारली की कानात तोच भुंगा शिरतो. मग मशीनखाली पाय हलवते, हात आपोआप चालतो. भीती आहे तर राहू दे. तिला सोबत घेऊन मी दोन राज्यं ओलांडली आहेत, तिचं तिकीट मी काढलेलं नाही.

पत्रूभाऊ मोकळे झाले, मी नाही झाले. शमीमबाईनं आपला दिवस आमच्या झाडाला देऊन टाकला. माझ्याकडचा तिचा दिवस तसाच आहे. मोह गळायला लागला, मग तो इथल्या देवळामागं का असेना, की मला तो दिवस आठवतो. मी परत आले त्या संध्याकाळी तिला विचारलं होतं, तुमी पाह्यली का भद्रावती? ती म्हणाली, "दोन बार गेली. दोन्ही बार मय्यतीत. रडली आन आली."

तर शमीमबाई, ऐका. शाळा उघडायच्या आधी, जेव्हा तुमच्या दुकानात निळ्या कापडाचे गठ्ठे छताला लागतात आणि तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते, त्या दिवसांत मी एकदा येणार आहे. यंदा सुट्टी नाही मिळाली तर पुढच्या वर्षी, पण येणार. तुमच्या मशीनवर मी बसेन, तुमच्या नवऱ्याचं औषध पाहीन, आणि तुम्ही गाडीत बसायचं. लिंबू मी देईन. कोणाच्या मय्यतीला नाही, नुसतं पाहायला जायचं. आत शेवटपर्यंत जायचं, आणि कोणी ओरडून विचारलं कोण आहे आत, तर सांगायचं. इकडं माझ्या हातून एकीचा कुर्ता दुसरीच्या मापानं शिवला गेलाच, तर गिऱ्हाइकांशी मी भांडून घेईन. चुकून घातला तरी दिवस दिवसच.